गो हा खेळ आणि वाडीतील पत्त्यांचे टेबल

श्रावण महिना लागला की आपल्या सुरत शहरात पत्त्यांच्या बैठका बसू लागतात, हे सभासद बंधूंना आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. तीन पत्ती खेळल्यावाचून जन्माष्टमी साजरी होतच नाही, अशी एक समजूत या प्रांती रूढ आहे. आणि एरवी पोत्यामागे एका रुपयावरून हमालाशी हुज्जत घालणारे गृहस्थ त्या आठवड्यात नोटांच्या गड्ड्या सहजगत्या पुढे सरकवितात. पुढे चारपाच दिवसांनीच श्वेतांबरांचे पर्युषण सुरू होते. ज्या हातांनी पाने पिसली त्याच हातांत मुहपत्ती घ्यावयाची असते. द्यूत हे सप्त व्यसनांतील पहिले व्यसन होय, हे आपल्या पाठशाळेतील लहान मूलही घडाघडा म्हणून दाखविते.

गेल्या सर्वसाधारण सभेपुढे वाडीच्या वरच्या मजल्यावरील दालन तरुणांच्या विरंगुळ्यासाठी मोकळे करण्याचा विषय होता. कोणी कॅरम सुचविला, कोणी टेबल टेनिस. ‘पत्त्यांचे टेबल ठेवावे, मात्र पैसे लावू नयेत’ अशीही एक सूचना आली. तिचा शेवट कोठे होतो हे सुचविणारासही ठाऊक असावे. आम्ही ‘गो’ या जपानी खेळाचे नाव घेतले तेव्हा सभागृहात हशा पिकला. ‘गो म्हणजे गाय की इंग्रजीतले जा?’ असे एका बंधूंनी विचारले. सभेस वेळ थोडा होता, म्हणून आमच्या सूचनेमागील विचार या स्मरणिकेत मांडण्याची परवानगी आम्ही संपादक मंडळाकडे मागितली व त्यांनी ती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

हा खेळ मूळचा चीन देशातील असून अडीच हजार वर्षांहून जुना आहे. तेथे त्यास ‘वेइची’ म्हणतात, कोरियात ‘बादुक’ आणि जपानात ‘इगो’ अथवा नुसते ‘गो’. वेढ्याचा खेळ असा नावाचा अर्थ. लाकडी पाटावर उभ्या १९ व आडव्या १९ रेघा. त्या एकमेकींस ३६१ ठिकाणी छेदतात. काळे खडे १८१ आणि पांढरे १८०. दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवावयाचा, तोही घरात नव्हे, तर रेघांच्या छेदावर. एकदा ठेवलेला खडा जागचा हलत नाही. बुद्धिबळात पुढे गेलेला वजीर मागे घेता येतो. येथे दिलेला शब्द तो दिलाच. एखाद्या खड्याच्या, किंवा एकमेकांस लागून असलेल्या खड्यांच्या समूहाच्या, लगतच्या सर्व मोकळ्या जागा प्रतिपक्षाने अडविल्या म्हणजे ते खडे उचलले जातात. अखेरीस ज्याने अधिक मोकळी जागा आपल्या कुंपणात घेतली तो जिंकला. नियम म्हणाल तर जवळजवळ एवढेच. आमची आठ वर्षांची नात ते अर्ध्या तासात शिकली. आम्हांस अंमळ अधिक वेळ लागला.

हा खेळ आमच्या घरी आला तो कोबेहून. आमच्या आप्तांपैकी एकजण मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे राहतो. कोबे शहराच्या कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर १९८५ सालापासून उभे आहे, व ते मुख्यत्वे मोत्यांच्या व्यापारात असलेल्या आपल्याच बांधवांनी उभारले, ही गोष्ट अनेक सभासदांस ठाऊक असेल. सुरतेतून कापडाचे मागासाठी आणि हिऱ्यामोत्यांच्या धंद्यासाठी जपानकडे जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. ते तेथून यंत्रे आणतात, घड्याळे आणतात. मग एक लाकडी पाट आणि दोन वाडगे खडे आणण्यास काय हरकत होती?

आम्ही भुसार मालाचे व्यापारी. आम्हांस या खेळाच्या इतिहासातील जी गोष्ट प्रथम भावली ती तांदळाची. सन १६१२ मध्ये जपानच्या शोगुन सरकारने या खेळातील निष्णात पुरुषांस वर्षासने बांधून दिली, आणि ती रोख नाण्यात नव्हे, तांदळात. त्यांतील अग्रणी होनिम्बो सान्सा हा क्योतो येथील एक बौद्ध भिक्षू. त्यास वर्षाला ५० कोकू तांदूळ व शिवाय पाच माणसांचा शिधा मिळे. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटरचे माप. वजनाने दीडशे किलोच्या आसपास. एका माणसास वर्षभर पुरेल इतके धान्य, असा त्याचा हिशेब धरीत. तेव्हा ५० कोकू म्हणजे आजच्या मापाने पाऊणशे क्विंटल. एका मालमोटारीतही मावेल कदाचित, पण खड्यांचा खेळ खेळून मिळालेली ही कमाई कमी नव्हे. (जाता जाता : तांदूळ मोजण्याच्या एका लहान मापासही जपानीत ‘गो’च म्हणतात, मात्र तो शब्द निराळा, लिहिण्याचे अक्षरही निराळे.)

त्याच देशात, ओसाका शहरातील दोजिमा येथे, तांदळाच्या वायद्याचा बाजार चाले व शोगुन सरकारने त्यास १७३० मध्ये रीतसर मान्यता दिली. संघटित वायदेबाजाराचा जगातील पहिला नमुना म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे एकाच भाताच्या राशीवर एकीकडे वायद्याचा बाजार पोसला आणि दुसरीकडे हा खेळ. पहिल्याचे काय झाले ते आपण सर्व जाणतोच. त्याची नातवंडे-पतवंडे आज प्रत्येक तरुणाच्या खिशातील दूरध्वनीत नांदत आहेत. दुसऱ्याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

खेळाची चार घराणी अशा प्रकारे अडीचशे वर्षे राजाश्रयावर चालली. १८६८ मध्ये शोगुनशाही संपली, तांदूळ बंद झाला आणि घराण्यांस वाईट दिवस आले. १९२३ च्या तोकियोच्या भूकंपानंतर, १९२४ साली, सर्व गट एकत्र येऊन ‘निहोन कीइन’ ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या पाठीशी द्रव्यबळ उभे केले ते ओकुरा किशिचिरो या उद्योगपतीने. राजाने सोडलेली गोष्ट व्यापाऱ्याने उचलली. आपल्या समाजातील पांजरपोळ, पाठशाळा आणि धर्मशाळा कोणी उभ्या केल्या हे ज्यास आठवते, त्यास यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बुद्धिबळ आपल्या घरचे असता हा परका खेळ कशास, असे पुष्कळांनी आम्हांस विचारले. बुद्धिबळाविषयी आमच्या मनात आदरच आहे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने महाराष्ट्रात त्या खेळाची केवढी सेवा केली हे आम्ही जाणतो. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी खानदेशातून ताप्तीच्या काठाकाठाने सुरतेस आलेली. तिकडे देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या पटावर वाघ-बकरी आणि नवकंकरी हे खड्यांचेच खेळ चालत, तेही आम्ही खेळलो आहोत. परंतु बुद्धिबळात निष्णाताशी नवशिका बसला तर दोघांचाही कंटाळाच होतो. एक-दोन मोहरी कमी करून खेळावे तर खेळाचे रूपच मोडते. गोमध्ये दुबळ्या खेळाडूने दोनपासून नऊपर्यंत खडे आधी मांडून घ्यावयाचे असतात. दोघांच्या बळात जितका फरक तितके खडे. इतके झाले की आजोबा आणि नात यांचा सामना खरोखर चुरशीचा होतो, आणि कोणी कोणास जाणूनबुजून जिंकू द्यावे लागत नाही. पेढीवर नव्या माणसास आरंभी चार महिने उधारीची मुदत देण्यासारखेच हे आहे. त्यात उपकार नाही. व्यवहार चालावा म्हणून केलेली ती सोय आहे. समबळांच्या सामन्यातदेखील काळ्यास पहिली खेळी मिळते म्हणून पांढऱ्यास जपानात साडेसहा गुण भरपाई देतात. वरचा अर्धा गुण कशासाठी? तर बरोबरी होऊ नये म्हणून.

आणि त्या अर्ध्या गुणात या खेळाचे सारे शील आहे असे आम्हांस वाटते. अर्ध्या गुणाने जिंकणे आणि पन्नास गुणांनी जिंकणे यांत काहीही भेद नाही. जो पुढे आहे त्याने शांतपणे आपले कुंपण नीट करावे, पलीकडच्याचे त्यास घेऊ द्यावे, आणि डाव संपवावा. ज्यास सगळा पट आपलाच व्हावा असे वाटते त्याचे खडे विरळ पडतात व ठिकठिकाणी तुटतात. आपल्या या सुरतेतच सतराव्या शतकात वीरजी व्होरा नावाचे थोर जैन सावकार होऊन गेले. बंदरात आलेला एखादा माल ते सगळाच्या सगळा उचलीत व मग भाव त्यांच्या मुखातून निघेल तो, अशी तक्रार इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत आढळते. तेच वखारवाले व्याजाने पैसा काढण्यासही त्यांच्याच दारी येत. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली तेव्हा व्होरांच्या वाड्याची लूट मोठी झाली, कारण द्रव्य कोठे साठले आहे हे साऱ्या मुलखास ठाऊक होते. त्यांच्या कर्तृत्वास उणे आणण्याचा आमचा हेतू नाही; त्यांच्या पायाच्या धुळीची आम्हांस सर नाही. पण १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठ्याच्या मर्यादेचा हुकूम निघाला म्हणजे आपण सरकारास बोल लावतो, तेव्हा तो हुकूम कोणाच्या कोणत्या खेळ्यांमुळे जन्मास आला याचाही विचार व्हावा.

या खेळात दोन स्थिती अशा आहेत की त्यांची ओळख जैन वाचकांस करून दिल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पहिलीस ‘को’ म्हणतात. तुम्ही माझा एक खडा उचलावा, मी लगेच तुमचा उचलावा, पुन्हा तुम्ही माझा, असे अनंत काळ चालू शकेल अशी ती रचना असते. म्हणून नियम असा की उलट उचल तत्काळ करता येत नाही. आधी दुसरीकडे एक खेळी करावी लागते. हा ‘को’ शब्द मूळ आपल्या ‘कल्प’ या संस्कृत शब्दाचा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचलेला अवशेष होय. कालचक्राच्या उत्सर्पिणी-अवसर्पिणी शिकलेल्या मुलास यातील मौज सांगावी लागणार नाही. बाजारातील भाऊबंदकी पाहिली तर तेथे हा नियम असता तर बरे झाले असते असे वाटते. एकाने फिर्याद केली की दुसऱ्याने त्याच दिवशी उलट फिर्याद न करता आधी आपल्या दुकानाचे एखादे काम उरकून यावे.

दुसरी स्थिती ‘सेकी’. दोन्ही पक्षांचे खडे एकमेकांस भिडलेले असतात आणि जो प्रथम हल्ला करील त्याचेच खडे जातात. तेव्हा दोघेही तो भाग तसाच सोडतात. डाव संपतो, दोघांचेही खडे जागच्या जागी जिवंत राहतात, व त्या जागेचा गुण जपानी रीतीने कोणासच मिळत नाही. एका पेठेत समोरासमोर दोन दुकाने तीन पिढ्या नांदतात ती अशीच.

पर्युषणाच्या दिवसांत आपल्याकडे ज्ञानबाजी खेळण्याची जुनी चाल आहे, विशेषतः स्त्रियांत. कापडावर वा कागदावर काढलेला, बहुधा ८४ घरांचा तो पट. शिड्यांनी वर चढावे, सापांनी खाली यावे, आणि अखेर सिद्धशिला. मराठी मुलखात ‘मोक्षपट’ म्हणून हाच प्रकार चालत असे व परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. इंग्रजांनी तो उचलला तेव्हा त्यातील पाप-पुण्य गळाले आणि नुसते साप आणि शिड्या उरल्या. ज्ञानबाजी आम्हांस प्रिय आहे. परंतु तिच्यात खेळणारास करावयाचे असे काहीच नसते; कवड्या पडतील तसे जावयाचे. पूर्वकर्माचा उदय समजावून देण्यास हे उत्तम साधन होय. पण आपल्या शास्त्रकारांनी कार्याची कारणे पाच सांगितली आहेत : काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. एकालाच धरून चालणे हा मिथ्या आग्रह, असे सिद्धसेन दिवाकरांनी प्रतिपादिले. कवड्यांचा पट चौथे कारण शिकवितो. पाचवे शिकविण्यास आपल्या वाडीत एकही पट नाही. गोमध्ये फासा नाही, कवडी नाही, झाकलेले पान नाही. सारे दोघांच्या डोळ्यांसमोर उघडे असते. हरलेल्यास नशिबाकडे बोट दाखविता येत नाही.

आजच्या तरुणास नेमके हेच बोट फार सवयीचे झाले आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-विकल्प व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांस तोटा झाला व तो सरासरीने माणशी सुमारे २ लाख रुपये भरला. मोठ्या संस्थांच्या नफ्याचा बहुतेक भाग संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून आला. म्हणजे आपला मुलगा रात्री पांघरुणात दूरध्वनी घेऊन ज्याच्याशी खेळत असतो तो माणूसच नसतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अशा तोट्यापायी वडिलोपार्जित गाळा विकला. मुलगा मात्र अद्याप ‘त्या दिवशी बाजार फिरला’ एवढेच म्हणतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली हे योग्यच झाले. आपल्या प्रांतात जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासूनचा आहे आणि त्याच्या नाकावर टिच्चून दर श्रावणात काय चालते ते वर सांगितलेच आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळास त्या कायद्यानेही सूट दिली आहे. कायद्याने दार बंद होते. आत बसलेल्यास करावयास काय द्यायचे हा प्रश्न वाडीचा आहे.

संगणकाचा विषय निघाला आहे तर तोही आक्षेप उरकून घेतो. मार्च २०१६ मध्ये सोल येथे ‘अल्फागो’ या संगणकाने कोरियाचा श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल यास पाच डावांत चार-एक असे हरविले, आणि २०१९ मध्ये त्या खेळाडूने यंत्रापुढे आपला निभाव नाही असे सांगून निवृत्ती घेतली. मग माणसाने खेळावे कशास? आमच्या मते हा प्रश्न ज्याचे पोट खेळावर आहे त्याचा आहे. मापाड्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक काटा अचूक खरा, म्हणून कोणी नातवाशी बोलणे सोडून काट्याशी बोलत बसत नाही.

धार्मिक वृत्तीच्या सभासदांचे दोन आक्षेप याहून वजनदार आहेत आणि त्यांची टिंगल करणाऱ्या तरुणांशी आम्ही सहमत नाही. पहिला असा की निरर्थक खेळ हा प्रमाद होय व तो अनर्थदंडविरमण व्रतास बाधक आहे. हे मान्य केलेच पाहिजे. ज्याचा वेळ सामायिकात जातो त्यास आम्ही पटावर बोलावणार नाही. कन्फ्यूशियसच्या संवादांतदेखील या खेळाची स्तुती बेताचीच आहे : दिवसभर पोटभर जेवून काही न करणाऱ्यापेक्षा खेळणारा बरा, इतकाच त्याचा आशय. आमचाही दावा तेवढाच. मोठ्या पटाचा डाव दीड-दोन तास खातो. म्हणून वाडीत ९ रेघांचे लहान पट अधिक ठेवावेत, ज्यांवरील डाव सामायिकाच्या ४८ मिनिटांहून पुष्कळ आधी आटोपतो.

दुसरा आक्षेप एका वयोवृद्ध श्रावकांनी घेतला. या खेळात खडे ‘मारतात’, समूह ‘मरतो’ किंवा ‘जगतो’ अशीच भाषा आहे. राजा यशोधराने तर पिठाचाच कोंबडा कापला होता, तरी त्यास व त्याच्या मातेस किती जन्म तिर्यंच योनीत भटकावे लागले, हे विसरलात काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. यशोधराच्या कथेत पीठ गौण आहे. बळी देण्याचा संकल्प प्रधान आहे. गो खेळताना प्रतिपक्ष्याचा नाश व्हावा असा संकल्प करणारा बहुधा हरतो, कारण दुसऱ्याचे खडे उचलण्याच्या नादात त्याची स्वतःची जागा निसटते. उचललेले खडे वाडग्याच्या झाकणात ठेवतात व डाव संपला की ज्याचे त्यास परत जातात. तरीही शब्दांचा संस्कार मनावर होतो हे खरे. म्हणून आमच्या घरी ‘मेला’ असे न म्हणता ‘उचलला’ म्हणण्याची चाल आम्ही पाडली आहे; वाडीनेही पाडावी. खरा मृत्यू आणि पटावरचा मृत्यू यांत अंतर किती, याची साक्ष याच खेळाच्या इतिहासात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाच्या जवळ इत्सुकाइची येथे हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू यांचा होनिम्बोपदासाठी सामना चालू होता. तिसऱ्या दिवशीचा डाव मांडला जात असता अणुबाँब पडला; खिडक्यांची तावदाने फुटली, खडे विखुरले. त्यांनी पट पुन्हा मांडला व डाव पुरा केला. हाशिमोतोने तो पाच गुणांनी जिंकला. इवामोतोने पुढे आयुष्याचा मोठा भाग हा खेळ परदेशांत पोचविण्यात वेचला.

खेळामुळे व्यापारबुद्धी वाढते असे जाहिरातवाले सांगतात. आम्ही तसे सांगणार नाही. उत्तम खेळाडू भिकेस लागलेले जपानच्या इतिहासात आहेत, आणि पैज लावून हा खेळ खेळणारेही तेथे होऊन गेले. आम्ही हा खेळ सुचविला तो त्याच्या एका रीतीसाठी. डाव संपल्यावर खेळाडू उठत नाहीत. दोघे मिळून पट रिकामा करतात आणि पहिल्या खड्यापासून तोच डाव आठवून पुन्हा मांडतात. येथे मी का शिरलो, तेथे तुम्ही सोडावयास हवे होते, ही खेळी लोभाची झाली, ती भीतीची झाली, असे जिंकलेला आणि हरलेला शेजाऱ्यासारखे बोलतात. जाणकार खेळाडूंस शंभर-दोनशे खेळ्या क्रमाने आठवतात. आपण रोज सायंकाळी प्रतिक्रमणात दिवसाची आलोचना करतो; आपल्यापैकी किती जणांस त्या वेळी दिवस खरोखर आठवतो, आणि किती जण केवळ सूत्रे म्हणतात, हे ज्याचे त्यास ठाऊक. पेढीवर तर सौदा फसला की आपण दलालास, हवामानास, सरकारास बोलून मोकळे होतो. समोरच्या व्यापाऱ्याबरोबर बसून तो सौदा पुन्हा उलगडण्याची कल्पनाही आपणांस शिवत नाही. नात आमच्याकडून हरली की आधी रुसत असे. हल्ली ती खडे आवरू देत नाही. ‘आजोबा, पहिल्यापासून’ असे म्हणते, आणि आमची खेळी चुकली असेल तर तीही दाखविते.

आता व्यवस्थेविषयी. सहा लहान व दोन मोठे पट पुरेत. जपानात उंची पट ‘काया’ नावाच्या झाडाच्या लाकडाचे करतात व त्यांची किंमत ऐकून छाती दडपते. आपल्या सुताराने सागाच्या फळीवर रेघा ओढून दिल्या तर काम भागते, आमच्या घरचा दुसरा पट तसाच केलेला आहे. तेथील उत्तम पांढरे खडे समुद्रातील शिंपल्यांपासून घडवितात. ते आपणांस वर्ज्य. पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्याची चर्चा ज्यांनी वाचली आहे त्यांस कारण सांगणे नको. (कोबेच्या मोत्यांविषयीही मग बोलावे लागेल, असे आमच्या आप्तास आम्ही चिडवितो. तो उलट आमच्या कोठारातील किडीविषयी विचारतो.) काचेचे खडे स्वस्त आणि निर्दोष आहेत. पारितोषिके रोख नसावीत. किंबहुना पहिली दोन वर्षे पारितोषिकेच नसावीत. वेळ रविवारी दुपारी तीन ते पाच ठेवावी, म्हणजे चौविहार करणाऱ्यांस सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवता येईल. स्त्रियांस वेगळा दिवस देण्याचे प्रयोजन नाही. ज्यास वाटेल त्याने ज्याच्याशी वाटेल त्याच्याशी बसावे. पत्त्यांचे टेबल मात्र त्या दालनात नको, पैसे लावून नाही आणि न लावताही नाही.

एक अडचण आम्हांस दिसते, तीही सांगून ठेवतो. जपानी पटाचे पाय ‘कुचिनाशी’ नावाच्या फळाच्या आकाराचे कोरतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘तोंड नसलेला’ असा होतो. बघ्यांनी मध्ये बोलू नये यासाठी ती खूण. आपल्या वाडीत बघ्यांची संख्या खेळणाऱ्यांच्या दसपट असणार आणि प्रत्येकास पुढची खेळी ठाऊक असणार. तेव्हा चहाची सोय खालच्या मजल्यावरच ठेवावी, अशी आमची व्यवस्थापकांस विनंती आहे.